फळीवरचे चोर

मी अक्षरं शिकलो शाळेत, पण वाचायला शिकलो ते बाबूराव अर्नाळकरांवर. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, सोलापुरात मिलमध्ये कामाला होते. महिन्या-दोन महिन्यांनी गावी यायचे तेव्हा त्यांच्या पिशवीत चटणी न्यायची रिकामी बरणी, पोरांसाठी लेमनच्या गोळ्या आणि जुन्या बाजारात घेतलेली दोन-तीन पातळ पुस्तकं असायची. कव्हरावर पिस्तूल, नाहीतर मुखवटा, नाहीतर किंचाळणारी बाई. पहिली पानं बहुतेक गेलेली. शेवटची गेली की मात्र फार हाल व्हायचे.

आमचं गाव सीनेच्या काठी, माढा तालुक्यात. तेव्हा गावठाणात वीज आली होती, शेतातल्या वस्तीवर नव्हती. गोठ्यातल्या मेढीला कंदील टांगायचा, म्हशीच्या शेजारी पोत्यावर पालथं पडायचं आणि ‘झुंजार’ उघडायचा. आजीला वाचता येत नव्हतं, पण ती पलीकडून ऐकायची. मी मोठ्यानं वाचायचो. मध्येच तिला झोप आली की म्हणायची, “मेल्या, चोर कोन ते आदी सांग, मंग निजते.” मी सांगायचो नाही. मलाही ठाऊक नसायचं.

अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६ चा, गेले १९९६ ला, आणि मधल्या काळात हजाराच्या वर रहस्यकथा लिहून ठेवल्या. मोठ्या साहित्यिकांनी त्यांना कधी ओसरीच्या आत घेतलं नाही. मला त्याचं नवल वाटत नाही, पण रागही जात नाही. कारण महाराष्ट्रात किती माणसं त्यांच्या पुस्तकांमुळे वाचायला लागली, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. मिलमधले बदली कामगार, एसटीचे कंडक्टर, दवाखान्यातले कंपाउंडर, आणि आमच्यासारखी गोठ्यातली पोरं. पुढे मी खांडेकर वाचले, व्यंकटेश माडगूळकर वाचले, नेमाडे वाचले, पण पान उलटायची सवय ही अर्नाळकरांची देणगी.

त्या पुस्तकांचा एक कायदा असतो. सुरुवातीला खून होतो किंवा तिजोरी फुटते. लगेच कुणावर तरी संशय येतो, आणि तो बहुधा घरातला नोकर, माळी, ड्रायव्हर असा कुणीतरी गरीब माणूस असतो. पाच-सहा पुस्तकं वाचली की वाचक शहाणा होतो. पहिल्यांदा ज्याच्यावर संशय आला तो चोर नव्हे, हे त्याला पक्कं कळतं. खरा चोर शेवटच्या प्रकरणात निघतो, आणि तो इस्त्रीच्या कपड्यातला असतो. गंमत म्हणजे आमचे लाडके ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ हे स्वतःच कायद्याला चकवणारे. रात्री दुसऱ्याच्या बंगल्यात शिरणारे. तरी सगळा गाव त्यांच्या बाजूचा. आजीसुद्धा म्हणायची, “चोर आसला तरी चांगल्या घरचा हाय.”

हे वाक्य मला पुढे फार वर्षं पुरलं.

मी सातवीत होतो तेव्हा रहस्यकथा पुस्तकातून निघून वर्तमानपत्रात आली. १९७७ चा मार्च महिना. इंदिराबाई निवडणुकीत पडल्या होत्या, आणीबाणी उठली होती, चावडीवर दुसरा विषय नव्हता. पेपर दुपारच्या एसटीनं यायचा, मास्तर मोठ्यानं वाचायचे, बाकीचे ऐकायचे. त्याच पेपरात महिनाअखेरीला पुण्याच्या खुनांची बातमी आली. आरोपी पकडले होते. पुण्यातल्या अभिनव कला महाविद्यालयाची पोरं. चित्रकला शिकणारी.

जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या सव्वा वर्षात त्यांनी दहा माणसं मारली. पहिला त्यांच्याच ओळखीचा, एका हॉटेलवाल्याचा मुलगा. त्याचं प्रेत लोखंडी पिंपात घालून तळ्यात टाकलं. मग जोशींच्या घरातले तिघे, अभ्यंकरांच्या घरातले पाच, शेवटी आणखी एक तरुण. दोरीनं गळा आवळायची त्यांची पद्धत. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शाह असे चौघे फाशी गेले, २७ नोव्हेंबर १९८३ ला, येरवड्याला. पाचवा माफीचा साक्षीदार झाला. त्यावर ‘माफीचा साक्षीदार’ नावाचा सिनेमा आला, नाना पाटेकरचा, तो बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

चावडीवर मास्तरांनी ही बातमी वाचली तेव्हाची शांतता मला आठवते. ओढ्यापलीकडे शेळी हरवली तरी कुणी नेली हे पाच मिनिटांत ठरवणारी माणसं ती. त्या दिवशी कुणाला काही ठरवता येईना. कुणी म्हणालं संगत वाईट. कुणी म्हणालं दारू, गांजा. एकानं सिनेमावर घातलं. आमचे एक भावकीतले तात्या बराच वेळ तंबाखू मळत बसले होते. ते म्हणाले, “चांगल्या घरची पोरं. डोकं फिरलं आसंल.” बास. म्हणजे गुन्हा त्या चौघांच्या डोक्यात राहिला. त्यांच्या जातीवर गेला नाही, आळीवर गेला नाही, कॉलेजवर गेला नाही. दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या कुठल्या चित्रकाराला उठवून ठाण्यात नेलं नाही. हे अगदी बरोबर होतं. असंच व्हायला हवं. फक्त सगळ्यांच्या बाबतीत असं होत नव्हतं, ते मला त्या वयात कळत नव्हतं.

पुढे बार्शीला कॉलेजात असताना मुनव्वर शाहचं ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ वाचायला मिळालं. तुरुंगात बसून त्यानं लिहिलेली आपली हकिकत. हे पुस्तक मी एका रात्रीत संपवलं आणि नंतर आठवडाभर दुसरं काही हातात धरवेना. अर्नाळकरांत खून होतो तेव्हा वाचक डिटेक्टिव्हच्या खांद्यावर बसून बघतो. इथे खुन्याच्या खांद्यावर बसावं लागतं. माणूस ‘मी केलं’ म्हणतो, तेव्हा वाचकाला पळायला वाटच राहत नाही. पस्तावा खरा वाटतो. तो खरा असेलही. पण मला खटकलं ते वेगळंच. सगळ्या पुस्तकभर ‘मी’ आहे. मेलेली माणसं मरायला येतात आणि जातात.

म्हणून मी हट्टानं शोधलं. अभ्यंकरांच्या घरातले ते म्हातारे गृहस्थ म्हणजे काशिनाथशास्त्री अभ्यंकर, संस्कृत व्याकरणाचे पंडित. त्यांनी केलेला संस्कृत व्याकरणाचा कोश बडोद्याहून १९६१ साली निघाला. त्यांचे वडील वासुदेवशास्त्री हेही नावाजलेले शास्त्री. एवढं आयुष्य शब्दांच्या मागे घालवलेल्या माणसाचं नाव महाराष्ट्राला माहीत आहे ते एका खटल्याच्या नावात. आणि त्याच रात्री त्या घरात त्यांच्याकडे काम करणारी साठीची बाईही मारली गेली. पाचातली ती एक. खटल्याला तिचं नाव नाही. मी हे मित्रांना सांगायचो तेव्हा ते म्हणायचे, “तू वाचतोस का वकिली करतोस?” पण खऱ्या गुन्ह्यांचं कुठलंही पुस्तक हातात घेतलं की तेव्हापासून मी आधी तेच बघतो: मेलेल्याला किती पानं दिलीत, मारणाऱ्याला किती, आणि मोलकरणीला किती ओळी.

१९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्याच्या अनुदानावर महाराष्ट्रात गावोगाव वाचनालयं निघाली. आमच्याकडे यायला उशीर झाला, पण आलं. ‘ड’ वर्ग. ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली, दोन लोखंडी कपाटं, एक बाकडं, चार पेपर. ग्रंथपाल अण्णा. अनुदान यायचं ते वर्ष सरल्यावर, त्यामुळे अण्णांचा पगार म्हणजे दिवाळीचा पाऊस. तरी माणूस रोज संध्याकाळी कुलूप उघडायचा. त्यांनी पुस्तकं तीन फळ्यांवर लावली होती. वर देवाधर्माची आणि चरित्रं, मध्ये कथा-कादंबऱ्या, खाली ‘चोरा-पोलिसांची’. खालची फळी सगळ्यांत जास्त फाटलेली, म्हणजे सगळ्यांत जास्त वाचलेली.

त्या कपाटात लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ आलं तेव्हा ते कुठल्या फळीवर ठेवायचं यावरून आमचा वाद झाला. १९८७ चं पुस्तक, ८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार. अण्णांनी नाव वाचून ते खाली, चोरा-पोलिसांत लावलं. मी म्हणालो, हे आत्मचरित्र आहे, वर लावा. अण्णा म्हणाले, “वर महात्म्यांची हायत. त्यात उचल्या कसा ठिवू?” शेवटी ते मधल्या फळीवर गेलं, कादंबऱ्यांत. म्हणजे खरं घडलेलं बाजूला आणि महात्मा बाजूला. मला वाटतं महाराष्ट्रात पुष्कळ कपाटांत ते असंच मधल्या फळीवर असेल.

लातूरजवळच्या धनेगावचा हा माणूस. त्यांच्या घरात शाळेत गेलेला तो पहिला. तो शाळेत जायला लागला आणि वस्तीवर जुलाब-उलटीची साथ आली, तेव्हा जातीतल्या म्हाताऱ्यांना वाटलं की ह्याच्या शाळेमुळंच आलं. पुढे तो लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागला, कामगारांत काम करू लागला. पुस्तकात चोरी झाकलेली नाही. पोरांना खिसा मारायला कसं शिकवतात, मार सोसायला कसं शिकवतात, पोलिसाचा वाटा कसा ठरलेला असतो, सगळं लिहिलंय. अण्णांनी वाचून परत आणलं आणि म्हणाले, “बघ, सवताच लिहितोय की आमी चोऱ्या करायचो. मंग गाव काय खोटं बोलतं?”

मला उत्तर सुचायला वेळ लागला. मुनव्वर शाह ‘मी दोषी’ म्हणाला तेव्हा तो स्वतः केलेल्या गोष्टीबद्दल बोलत होता. गायकवाड ‘मी’ म्हणतो तेव्हा त्याच्या जन्माआधी लिहून ठेवलेल्या आरोपाबद्दल बोलतो. पहिल्या पुस्तकात गुन्हा आधी, शिक्षा मागून. दुसऱ्यात शिक्षा आधी, आणि तिच्यापायी माणसाला दुसरा धंदाच उरलेला नाही. मी अण्णांना हे असं सांगितलं. ते म्हणाले, “तू लई वाचतुस.” पण पुस्तक त्यांनी पुन्हा एकदा घरी नेलं, हे रजिस्टरात आहे.

मग १९९१ चा उन्हाळा. नदीवरच्या मोटारी चोरीला जायला लागल्या. एका आठवड्यात पाच गेल्या. पाच अश्वशक्तीची मोटार म्हणजे त्या वेळी शेतकऱ्याचं अर्धं पीक, आणि ऊस तर पाण्याशिवाय आठ दिवसांत माना टाकतो. माणसं पिसाळली होती, ते मी समजू शकतो. आमच्या शिवेला पारध्यांची चार-पाच पालं होती, दोन वर्षांपासून. गडी ऊस तोडायचे, राखणीला जायचे, बाया गवत विकायच्या. सहाव्या दिवशी पहाटे गाडी आली आणि तिथले तीन गडी उचलून नेले.

त्यातले दोघे त्या रात्री माझ्या उसाला दारं धरत होते. वीज रात्री अकराला यायची आणि पहाटे जायची, म्हणून मी स्वतः त्यांच्याबरोबर बांधावर होतो. मी अण्णांना घेतलं, सरपंचांना घेतलं आणि ठाण्यात गेलो. कुठलं ठाणं, कोण साहेब, ते सांगण्यात आता काही अर्थ नाही, बदलून गेलेली माणसं. साहेब म्हणाले, “तुम्ही शिकलेले दिसता. या लोकांची हिस्टरी माहीत नाही तुम्हाला.” ‘हिस्टरी’ हाच शब्द. मी म्हणालो, “हिस्टरी माहीत आहे साहेब, पण परवा रात्री ते माझ्या उसात होते.” दोघांना त्याच दिवशी सोडलं. तिसऱ्याला तीन दिवस ठेवलं, कारण तो त्या रात्री कुणाच्याच उसात नव्हता, आपल्या पालात झोपला होता, आणि पालात झोपलेल्याचा साक्षीदार कोण? त्याचा उजवा हात पुढे कधी नीट वळला नाही. कोयता धरायचा हात.

महिन्याभरानं मोटारी सापडल्या. तालुक्याच्या गावातली टेम्पोवाली पोरं, भंगारवाल्याला तांब्याच्या तारेच्या भावानं विकत होती. चांगल्या घरची. कुणी त्यांची जात काढली नाही, ‘संगत वाईट’ म्हणाले. तीन दिवस ठेवलेला तो गडी माझ्याकडे आला होता, आभार मानायला म्हणून. उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला. चहा घेतला. जाताना म्हणाला, “मालक, तुमी बोलला म्हून त्या दोघाला सोडलं. त्येंनीबी तेच सांगितलं हुतं, पैल्याच रातीला.”

त्या साहेबांची ‘हिस्टरी’ माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून ती खरीच शोधायला बसलो. खालच्या फळीवर उत्तर नव्हतं.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागचा विचार असा, की हिंदुस्थानात सुताराचा पोरगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तर चोराचा पोरगा चोर होणारच. सगळी जातच गुन्हेगार म्हणून नोंदवायची, नावं रजिस्टरात घालायची, ठरलेल्या वेळी हजेरी घ्यायची आणि गाव सोडायचं तर पास घ्यायला लावायचा. आधी हा कायदा उत्तरेकडे होता, १९११ च्या दुरुस्तीनं सगळीकडे पोचला, मुंबई इलाख्यातही. कैकाडी, पारधी, मांग-गारुडी, बेरड, भामटे अशी यादी वाढत गेली. स्वातंत्र्य १९४७ ला मिळालं, पण देशभरात हा कायदा उठला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून भटके-विमुक्त त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. बाकीच्या देशाला एक स्वातंत्र्यदिन, त्यांना दुसरा पाच वर्षं उशिरा.

सोलापुरातलं ‘सेटलमेंट’ हे त्याच कायद्याचं पोर. तारेच्या कुंपणातली वसाहत. आत या जमाती आणून बसवल्या, मिलमध्ये कामाला लावल्या. सोलापुरात आजही त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात, रिक्षावाल्याला सांगा, बरोबर नेतो. मी आबांना विचारलं तेव्हा ते थकले होते, ऐकायला कमी यायचं. म्हणाले, “माझ्या शेजारच्या सांच्यावर व्हता की एक सेटलमेंटातला. म्हातारा. भोंगा झाला की कामाला, आणि भोंगा झाला की हजेरीला, आसं त्येनं जल्म काढला म्हनायचा. कायदा उठला तरी सांजच्याला त्येचे पाय आपोआप तिकडंच वळायचे.” मग थोडं थांबून म्हणाले, “तुला पुस्तकं आणायचो ना, तीबी तोच दाखवायचा. कुठल्या दुकानात सस्ती मिळत्यात ते.” म्हणजे माझा पहिला ‘झुंजार’ आला तो असा.

या सगळ्याच्या मागे जाता जाता मी एका कादंबरीवर येऊन पोचलो. फिलिप मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याची, १८३९ सालची, एका ठगाच्या कबुलीजबाबाची. अमीर अली नावाचा ठग साहेबापुढे बसून आपण केलेले खून रसाळपणे सांगतो. हा टेलर आमच्यापासून लांबचा नव्हे. १८५३ साली निजामानं नळदुर्गचा मुलूख इंग्रजांना तोडून दिला, तेव्हा पहिली काही वर्षं तिथला कारभार त्याच्याच हातात होता. तुळजापूरला जाणाऱ्या आमच्या लोकांनी नळदुर्गचा किल्ला पाहिलेला असतो, टेलर ठाऊक नसतो. पुस्तक मी इंग्रजीतच वाचलं, डिक्शनरी उशाशी घेऊन, दोन पावसाळे लागले. आणि खोटं कशाला बोलू, मजा आली. माणूस लिहिणारा होता. रुमालानं गळा आवळायची ती वर्णनं वाचताना मला मध्येच अभिनवची पोरं आठवली आणि पुस्तक मिटावं लागलं.

पण वाचून झाल्यावर जे उरतं ते वाईट. ‘मी’ म्हणणारा तो ठग खरा नाही, त्याचं तोंड टेलरनं लिहिलेलं आहे. एका साहेबानं गुन्हेगाराच्या तोंडून सांगितलं की आमचा हा धंदाच, आमचा हा धर्मच, आणि विलायतेत लोकांनी ते आवडीनं वाचलं. १८३६ साली आधीच कायदा झाला होता, की माणूस ठगांच्या टोळीतला होता एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप. अमुक खून यानं केला हे दाखवायची गरज नाही. तिथून १८७१ पर्यंतची वाट फार लांब नाही. टेलरच्या पुस्तकामुळे कायदा झाला असं मी म्हणत नाही, तेवढा मी अडाणी नाही. पण कायदा करणारे आणि तो कायदा रास्त मानणारे यांच्या कपाटात कुठली पुस्तकं होती, याचा विचार मात्र येतो. दीडशे वर्षांनी ‘या लोकांची हिस्टरी’ म्हणणाऱ्या साहेबानं टेलरचं नावही ऐकलं नसेल. गोष्ट मात्र त्याच्यापर्यंत पोचली होती.

त्याच गोष्टीला आमच्या भाषेतलं सगळ्यांत जोरकस उत्तर कादंबरीतच आलंय. अण्णाभाऊ साठेंचा ‘फकिरा’, १९५९ चा. वारणेच्या खोऱ्यातलं वाटेगाव. राणोजी गावासाठी जोगणी आणायला जातो आणि जीव गमावतो, त्याचा पोरगा फकिरा दुष्काळात माणसं मरायला लागल्यावर धान्य लुटतो, सरकारी खजिन्याला हात घालतो. मांगांना हजेरीला उभं करणाऱ्या सरकारपुढे उभा राहतो. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो ‘काळा पहाड’चाच भाऊ वाटला. नंतर कळलं, काळ्या पहाडाला बंगला होता, मोटार होती, आणि पुस्तक संपलं की तो सुखरूप घरी जायचा. फकिराच्या मागे अख्खी वस्ती ओलीस असते. कादंबरी आहे म्हणून काही ठिकाणी रंग भडक आहे, भाषण लांबतं. असू दे. अमीर अलीला बोलवणारा साहेब होता, फकिराला बोलवणारा त्याच्याच वस्तीतला होता, हा फरक मला भडक रंगापेक्षा मोठा वाटतो.

माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ त्याच्या चार वर्षं आधीची. तिच्यातला आनंदा रामोशी मला त्याहून जवळचा. तो ना शूर, ना क्रूर. चोऱ्या करणारा, गरीब, बोलका माणूस. मास्तरला तो चोर म्हणून ठाऊक असतो आणि माणूस म्हणूनही. अशी माणसं मी पाहिलेली आहेत. रहस्यकथेत त्याला जागा नाही, कारण त्याचं रहस्यच नसतं. कायद्यात तो नुसता एक आकडा.

आता आमच्या वाचनालयाला पक्की इमारत आहे, अण्णा वारले, आणि त्यांची सून बसते. खालच्या फळीवरची फाटकी पुस्तकं कुणी नेत नाही, खून-दरोडे आता मोबाइलवर दिसतात. नेतात ती स्पर्धा परीक्षांची गाइडं. पालं होती तिथे आता पत्र्याची घरं झालीत. हात न वळणाऱ्या त्या गड्याची नात बारावी होऊन पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे मी फिरायला निघतो तेव्हा ती डांबरी रस्त्यावर पळत असते, मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. तिचा भाऊ सायकलवर, मोबाइलमध्ये सेकंद मोजत.

मागच्या श्रावणात ती दम खात पुलाच्या कठड्यावर बसली होती. मी विचारलं, अभ्यास काय म्हणतो? म्हणाली, “तात्या, विचारा काय पन.” मी विचारलं, ‘उचल्या’ कुणाचं?

“लक्ष्मण गायकवाड,” ती एका श्वासात म्हणाली. “साहित्य अकादमी, एकोनीसशे अठ्ठ्याऐंशी.”

“वाचलंस?”

“ते वाचायचं आसतंय व्हय? गाइडात नाव तेवढंच हाय.”

दुसऱ्या दिवशी मी ते मधल्या फळीवरून काढून तिला दिलं. तीन आठवडे तिच्याकडे होतं. परत आणलं तेव्हा मी काही विचारलं नाही, तीच म्हणाली, “आमच्या आज्यानं सांगितलेलं निम्मं ह्यात हाय. निम्मं न्हाई.” मग ओढणीनं घाम पुसत म्हणाली, “त्येच्या हातावर कुनी लिहिलंय का तात्या कुटं?”

तिची लेखी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. उंची एकशे सत्तावन्न भरली, त्यात ती पास झालीय.